चार बोटं उघडी काच

"भाचीला बसवा पुढे! गाडीवर पहिला मान भाचीचा," भटूदादा अंगणातून ओरडला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं माझ्या कडेवरून रेवाला उचललं.

रेवा तेव्हा पावणेदोन वर्षांची. अंगात झबलं, पायात वाजणारे चाळ, आणि मामाच्या खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे बघणारे दोन डोळे.

"तू मागे हो, जागू," माय माझ्या कानाशी लागली. "त्या निंबाच्या आड उभी राह्य. तू दिसली की ती कुणाकडे राहत नाही. परवा तू गेल्यावर काय करू मग मी?"

मी निंबाच्या आड झाले.

परवा मला पोलिसांच्या ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. नऊ महिने. लेकराला सोबत नेता येत नव्हतं, आणि रेवाचे पप्पा सुरतेला मिलमध्ये, एकटे, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. म्हणून आखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं, निमित्त साधून मी तिला माहेरी सोडायला आले होते. आखाजीला आमच्या खानदेशात सगळ्याच लेकी माहेरी येतात, त्यात वेगळं काही नव्हतं. वेगळं एवढंच, की बाकीच्या आपापली लेकरं घेऊन परत जातात. आल्या दिवसापासून घरातले सगळे मला थोडं थोडं करून गायब करत होते. सकाळचं दूध मायच्या हातून, आंघोळ वहिनीच्या हातून, झोका मामाच्या हातून. मी कधी दाराआड, कधी शेजारी, कधी नुसतीच पाठमोरी. आज निंबाच्या आड.

अंगणात गाडी उभी होती. पांढरी पिकअप, जुनी घेतलेली, पण दादानं रंग देऊन अशी लखलखीत केली होती की सूर्य तिच्यावरून उड्या मारत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या हाकलेला माझा भाऊ सकाळपासून तिच्याभोवती नवरदेवासारखा फिरत होता. झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक. वहिनीनं ओवाळण्याचं ताट धरलं होतं. शेजारचे दगाआप्पा खुर्ची टाकून बसले होते. ते काही बोलल्याशिवाय आमच्याकडे कुठलंच कार्य पार पडत नसे.

"भटू, सेकंडहँड गाडी आणि चावी एकच? दुसरी कुठे रे?"

"शहाद्याला. जुन्या मालकाकडे. सापडत नाही म्हणे, सापडली की पाठवतो."

"म्हणजे नाही सापडणार."

"आप्पा, सणाचं तरी चांगलं बोला ना!"

सगळे हसले. रेवाला स्टिअरिंगमागच्या सीटवर उभं केलं होतं. किल्ली लावलेली, कारण गाणी वाजत होती. वहिनीनं ओवाळलं, दादानं उघड्या दारातून आत वाकून भाचीच्या पायांवर डोकं टेकवलं आणि फटाक्यांची लड पेटवायला निघाला. जाता जाता तो थबकला.

"आवाजाला भ्यायची पोरगी," असं म्हणत त्यानं दारावरची बटनं चेपून दोन्हीकडच्या काचा वर घेतल्या आणि दार लावलं.

लड उडाली. नारळ फुटला. धुरात गाडी दिसेनाशी झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग धूर खाली बसला आणि काचेत रेवाचा चेहरा दिसला. ती एकेका माणसाकडे बघत होती. मामी, आजी, आप्पा, मामा. पुन्हा मामी, पुन्हा आजी. कुणाला शोधत होती ते मला निंबाआडून नीट कळत होतं. तिचा ओठ मुडपला. ती सीटवरून दाराकडे सरकली, हँडलपाशी कशाला तरी धरून वर चढायला बघू लागली.

खट्.

बारीकसा आवाज. एका दारात झाला आणि त्याच क्षणी दुसऱ्या दारातही.

दादानं हसतच हँडल ओढलं. दार उघडलं नाही. त्यानं पुन्हा ओढलं. मग गाडीला वळसा घालून डावीकडचं दार ओढलं. तेही घट्ट. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण त्यामागे कुणी नव्हतं.

"लॉक पडलं," तो म्हणाला. "सगळं लॉक पडलं."

मी निंबाआडून कधी निघाले ते मला आठवत नाही. आठवतं ते काचेला लागलेलं माझं कपाळ आणि काचेचा चटका. मला बघून रेवा हसली. इतकी मनापासून हसली! आणि दोन्ही हात वर केले, घे म्हणून. हात काचेवर आपटले. तिनं पुन्हा केले, पुन्हा आपटले. तेव्हा रडायला लागली.

वैशाखातली दुपार होती. त्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता, आणि आत काचा बंद.

"पट्टी आणा रे, पोलादी पट्टी!" दगाआप्पा खुर्चीतून उठले होते. "काचेच्या खालच्या रबरातून आत घालायची, दांडी सापडते, वर ओढली की दार उघडतं. ट्रॅक्टरवाल्याच्या जुन्या जीपचं मी उघडलं होतं."

कुणीतरी दप्तरातली पट्टी आणली. आप्पांनी रबरात घालून खूप खालवर केली. पट्टी आत कशाला तरी अडत होती, पण हाताला काही लागत नव्हतं.

"हिचं लॉक वायरीवर आहे आप्पा, दांडी नाही तशी," दादा म्हणाला. घाम त्याच्या हनुवटीवरून टपटपत होता. "जागू, ऐक. किल्ली चालू आहे. तिच्या गुडघ्यापाशी बटनं आहेत, बघ. पुढचं टोक चेपलं की काच खाली येते, मागचं चेपलं की वर जाते. तिला दाबायला लाव."

"ती बाळ आहे दादा!"

"तुझंच ऐकेल. माझं नाही ऐकणार."

मी खाली वाकले. बटनांची काळी पट्टी दाराच्या आतल्या बाजूला, हात टेकायच्या जागी होती. मी काचेवर बोट ठेवलं आणि खाली, खाली दाखवू लागले. "रेवू, तिथं दाब. बटन. टुक कर, टुक!" मोबाईलवर बोट मारायला ती शिकली होती, त्याला आम्ही 'टुक' म्हणायचो. रेवा रडायची थांबली. तिनं माझ्या बोटाकडे बघितलं, आणि काचेच्या आतून, बरोबर माझ्या बोटावर, आपलं बोट टेकवलं. "टुक," ती म्हणाली. आवाज ऐकू आला नाही, ओठ दिसले.

"तिथं नाही गं राणी. खाली."

"टुक."

वहिनी रडायला लागली. मायनं तिला गप्प केलं.

रेवाचे केस कपाळाला चिकटले होते. गाल लाल झाले होते. ती माझ्या जवळ यायला म्हणून दारावर आणखी वर चढली, गुडघा त्या पट्टीवर आला, आणि दारातून घर्रर्र असा आवाज आला. काच खाली सरकली. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. मग गुडघा घसरला आणि काच थांबली.

आतली गरम हवा माझ्या तोंडावर आली. भट्टीचं दार उघडावं तशी.

"हात घाल! लॉक वर कर!" दादा ओरडला, पण त्याच्या आधीच माझा हात आत गेला होता. माझा हात बारीक, कोपराच्या वरपर्यंत गेला. बांगड्या काचेच्या कडेवर खणखणल्या. बोटं लॉकच्या दिशेनं खाली गेली. वीतभर अंतर होतं. तेवढ्यात रेवानं माझा हात बघितला. मम्मीचा हात, आपल्या बाजूला! तिनं दोन्ही हातांनी तो मिठीत घेतला आणि त्याला धरून उभी राहिली. पाय बटनांच्या पट्टीवर. मागच्या टोकावर.

घर्रर्र.

"पाय! तिचा पाय काढा!" मी ओरडले, पण काढणार कोण? काच वर आली आणि माझ्या दंडाला खालून भिडली. ती थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. काच मांसात बसू लागली, वरच्या चौकटीला हाड टेकलं. मोटर कण्हत राहिली. मग रेवाचा पाय सरला, मोटर गप्प झाली, पण काच तिथेच राहिली.

दादा, आप्पा, दोघांनी तळवे लावून काच खाली दाबली. ती केसभर हलली नाही.

"हातानं नाही येत," दादा धापा टाकत म्हणाला. "मोटर काचेला फिरवते, काच मोटरला नाही फिरवत. आत दाते तसेच असतात. चोरानं काच खाली ओढू नये म्हणून."

"मग फोड ना ही!" मायचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "गाडी काय करायची आहे मला! फोड!"

"ही नाही फोडता येत माय! हिच्यात जागूचा हात आहे, आणि पोरीचं तोंड काचेला लागलेलं आहे. बाजूची काच तडकून थांबत नाही, एका झटक्यात सगळीच सुटते."

"पुढची फोड मग."

"पुढच्या काचेत मधे प्लास्टिकचा पडदा असतो. जाळं पडेल, भोक पाडता पाडता वेळ जाईल." तो बोलत होता माझ्याशी, बघत होता रेवाकडे. "डावीकडची. तिकडची फोडावी लागेल. पण खडे उडतील. आणि ती फिरली, आवाजाकडे तोंड केलं, तर डोळे…"



तेवढ्यात कुणीतरी डावीकडून दगड हाणलाच. धप्प झालं, दगड काचेच्या मधोमध लागून उलटा आला. रेवा दचकून तिकडे वळली. अगदी तशीच वळली, दादा म्हणाला तशी, डोळे मोठे करून.

"कोण आहे रे तिकडे! मधे मारून नाही फुटत ती! हात लावू नका कुणी!" दादा गरजला. "छिन्नी आणा, हातोडी आणा. कोपऱ्यात मारावी लागेल."

चाक खोलायची लोखंडी टॉमी गाडीतच होती, सीटखाली. आप्पा म्हातारपणाचे पाय विसरून घराकडे पळाले.

आम्ही दोघी राहिलो, काचेच्या अलीकडे पलीकडे. माझा दंड बधिर होत चालला होता, पण कोपराखालची बोटं अजून माझी होती. मी तिच्या केसांतून ती फिरवली. केस ओले, डोकं तापलेलं. ती रडत होती, मग कुरकुरत होती, मग तिनं माझ्या तळहातात गाल ठेवला आणि गप्प झाली.

मी तिला दिवसभर गप्प करत असे. 'रडू नको' हे माझ्या तोंडचं रोजचं वाक्य. त्या वेळी मी काचेवर दुसऱ्या हातानं थापा मारत ओरडत होते, "रड ना! रेवू, रड! मम्मीवर ओरड! झोपू नको बाळा!" तिचे डोळे अर्धे मिटत होते. ओठ सुकले होते. मी तिचा गाल चिमटला. जोरात चिमटला. ती कळवळून रडली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा चिमटले.

"जागू." दादा काचेच्या पलीकडच्या बाजूनं, डावीकडून बोलला. त्याच्या हातात छिन्नी होती. "तयार?"

"थांब."

मी तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवला. तिला ते नको होतं. तिनं मान झटकली, हात ढकलला. मी बोटं पसरून तिचं कपाळ, डोळे, नाक, सगळं झाकलं आणि तिचं डोकं माझ्याकडच्या काचेवर दाबून धरलं. मला तिचा चेहरा दिसेना. माझाच हात दिसत होता. तिनं तोंड उघडलं आणि माझ्या तळव्याला चावली. दहा-बारा दात होते, त्या सगळ्यांनी चावली.

"चाव," मी म्हणाले. "चाव माझी माय. दादा, मार!"

आधी छिन्नीचा टिक्क असा आवाज. काही नाही. पुन्हा टिक्क. मग एकदम, पोतंभर तांदूळ फरशीवर ओतावेत तसा आवाज. डावीकडची काच होती आणि नव्हती. आतल्या सीटवर, गादीवर, गिअरवर बारीक पांढरे खडे सांडले. काही माझ्या मनगटावर टोचले. तळव्याखाली रेवाच्या पापण्या फडफडत होत्या, पाखरासारख्या.

दादा खिडकीतूनच आत शिरला. दार उघडायलाही थांबला नाही. खड्यांवरून रांगत आला, एका हातानं रेवाला पोटाशी धरलं, दुसऱ्यानं बटनाचं पुढचं टोक चेपलं. घर्रर्र. काच खाली गेली.

रेवानं डोळे उघडले. मधे आता काहीच नव्हतं. तिनं दोन्ही हात माझ्याकडे केले.

आणि माझा हात उठेना. तो खिडकीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी दुसरा पुढे केला, पण तोल गेला आणि मी मातीत बसले. हात पसरलेलं माझं लेकरू माझ्या डोक्यावरून मायनं उचललं. मायनं तिला सावलीत नेलं, झबलं उतरवलं, पदर भिजवून अंगावर फिरवला, चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. रेवा पाणी प्यायली, उसासे टाकले, आणि मायच्या गळ्यात हात टाकून माझ्याकडे बघत राहिली. बघत राहिली, पण आली नाही.

दवाखान्यात रेवाला तपासलं. ठीक होती. माझा हात मोडला नव्हता, सुजून काळानिळा झाला होता. परत येताना वाटेत मायनं विचारलं नाही, सांगितलंच.

"फोन लाव त्या ट्रेनिंगवाल्यांना. म्हणावं, नाही येत. नोकऱ्या काय, पुन्हा निघतील. लेकरू नाही निघत."

मी मान हलवली. घरी येऊन एका हातानं बॅगेतले कपडे काढून पुन्हा फडताळात ठेवले. बाहेर दगाआप्पा सांगत होते, पूजेच्या दिवशी काच फुटली, विकून टाक भटू ही गाडी. दादा सीटच्या सांदीतून खडे वेचत होता, एकेक करून, बोटांनी, आणि पुसल्या जागेवर तळहात घासून बघत होता, कुठे टोचतंय का ते.

सकाळी मी ओट्यावर बसले होते. हातावर हळदीचा लेप. रेवा उठून आली, लेपाकडे बघितलं, वाकून "फू" केलं. एकदा, दोनदा. थुंकीच जास्त उडाली. मी तिला उजव्या हातानं जवळ ओढणार, तेवढ्यात ती निसटली आणि दादाच्या पँटला जाऊन लटकली.

"गाई."

"काय म्हणते?" दादा माझ्याकडे बघून म्हणाला.

"गाडी म्हणते."

"नको गं माझी माय. गाडी नको."

"गाई! टुक!"

तिनं त्याचं बोट धरलं आणि ओढत ओढत त्याला थेट ड्रायव्हरच्या दाराशी नेलं. माय ओरडली, "भटू, खबरदार!" दादानं मायकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय खूण केली ते मला माहीत नाही. त्यानं आधी दुसरं दार सताड उघडं ठेवलं, मग सीटवर बसून तिला मांडीवर घेतलं, किल्ली लावली आणि तिचं इवलंसं बोट आपल्या बोटांत धरलं.

"बघ रेवाबाई. इकडे चेपलं की वर."

काच वर चढू लागली. मी कधी उठले, कधी दाराशी आले कुणास ठाऊक. काच चढली आणि तिचा चेहरा तिच्यामागे गेला. माझ्या दंडात कळ उठली.

"आता इकडे चेप."

तिनं चेपलं. एकटीनं. घर्रर्र. आधी केस दिसले, मग कपाळ, मग डोळे.

"कुक!" ती म्हणाली.

दादा थिजला. मग हसला. "बुवाऽऽ," त्यानं म्हटलं आणि तिचं बोट पुन्हा मागच्या टोकावर नेलं. काच वर. मी बाहेर. ती आत. मी वाट बघत उभी राहिले आणि काच खाली आली.

"कुक!"

तीन वेळा, चार वेळा, मी मोजलं नाही. दर वेळी काच चढताना माझा हात हँडलकडे जायचा. ती बिनघोर. ती काचेआडून माझ्याकडे बघत, ओठ दाबून, हसू कोंडून बसायची. मम्मी पलीकडे आहे, बटन आपल्या बोटाखाली आहे. एवढं तिला पुरत होतं.

मग तिनं दादाचा हात बाजूला सारला आणि आपणच काच वर घेतली. पूर्ण. आतून माझ्याकडे बघून हात हलवला. टाटा.

मी घरात गेले. फडताळातले कपडे काढले आणि एका हातानं बॅग भरू लागले. माय दारात येऊन उभी राहिली. मग खाली बसली आणि माझ्या साड्यांच्या घड्या नीट करून देऊ लागली.